दानियल खानसाम्याची पंगत

पूर्णा जंक्शनला लोकांना थांबवून ठेवण्याचा अधिकार दोघांनाच आहे, असं रेल्वे कॉलनीत म्हणत. एक स्टेशनमास्तर आणि दुसरे दानियल खानसामा. स्टेशनमास्तरांकडे सिग्नल होता. दानियल यांच्याकडे पितळी पातेल्याचं झाकण होतं.

दर रविवारी बाराच्या सुमारास उपासना संपे आणि ख्रिस्ती मंडळीतली माणसं पत्र्याच्या शेडमधून बाहेर येऊन लिंबाखाली पंगतीला बसत. पातेलं चुलीवरून उतरलेलं असे, भाकरी धडप्यात गुंडाळलेल्या असत. दानियल पातेल्याशेजारी पाटावर बसत, उजवा तळवा झाकणावर ठेवत आणि रस्त्याकडे पाहत. आयुष्यभर विस्तवाशी वागलेल्या त्या हाताला झाकणाचा चटका बसत नसावा. मग ते विचारत, "अजून कोण यायचंय?"

या प्रश्नाला "कुणी नाही" असं उत्तर येईपर्यंत झाकण निघत नसे.

दानियल रनिंग रूमचे स्वयंपाकी होते. लांबच्या गाड्या घेऊन आलेले ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड पुढच्या ड्यूटीपर्यंत जिथं झोपतात आणि जेवतात, ती रनिंग रूम. निजामाच्या रेल्वेत भांडी घासण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. अंगाने स्थूल, डोक्याला टक्कल, खांद्यावर पंचा. मी परभणीच्या एका साप्ताहिकासाठी पूर्णेचं वार्तापत्र लिहीत होतो. लिहिता येतं म्हणून मंडळीच्या सभांचं इतिवृत्तही माझ्याकडे आलं होतं. पुढे जे सांगतो आहे त्यातलं काही त्या इतिवृत्तात आहे. बरंचसं नाही.

मीठ चाखायला दानियल नेहमी दुसऱ्या कुणाला तरी बोलावत. "स्वयंपाक्याच्या जिभेवर भरवसा ठेवू नये. ती दिवसभर खायलेली असती," असं त्यांचं म्हणणं. ज्याला बोलावत तो त्या दिवशीचा सर्वांत भुकेला माणूस असे. तो कसा ओळखला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. एखाद्याबद्दल वाईट बोलायची वेळ आली तर ते एवढंच म्हणत, "तो गरम गरम खाणारा हाय." म्हणजे दुसऱ्याच्या ताटात पडायच्या आत स्वतः जेवून घेणारा. त्यांच्याकडे याहून मोठी शिवी नव्हती.

रनिंग रूममधला एक प्रसंग मी स्वतः पाहिला. मनमाडकडून आलेला एक ड्रायव्हर टेबलावर बसला होता. त्याचा फायरमन कोळशाने माखलेल्या हातांनी आत आला आणि समोरच्या बाकावर बसायला लागला.

"हा इथं बसणार?" ड्रायव्हरने दानियल यांना विचारलं.

 दानियल यांनी तांब्या घेऊन फायरमनला दाराशी नेलं, त्याच्या हातावर पाणी ओतलं, साबणाची वडी दिली, पुन्हा पाणी ओतलं. मग खांद्यावरचा पंचा त्याला पुसायला दिला आणि त्याला आणून त्याच बाकावर बसवलं.

"बसणार," ते ड्रायव्हरला म्हणाले. "तुमचं इंजिन ह्याच्या हातानं चालतंय. मग ताट कामून चालू नये?"

ड्रायव्हरने तक्रारवहीत लिहीन अशी धमकी दिली. दानियल यांनी वही आणून समोर ठेवली आणि वर पेन्सिलही ठेवली. ड्रायव्हर जेवला. वहीत काही लिहिलं नाही.

दानियल यांना वाचन फारसं येत नव्हतं. ओळीखाली बोट धरून, एकेक अक्षर लावत ते वाचत. त्यांच्याजवळच्या शास्त्राची, म्हणजे बायबलची, बहुतेक पानं कोरी करकरीत होती. येशूच्या शिष्यांनी जमवलेल्या पहिल्या मंडळीची हकिगत ज्या पानांवर आहे, तिथं मात्र हळदीचे डाग होते. पाळकसाहेब परभणीहून महिन्यातून एकदा येत. बाकीच्या रविवारी वडीलमंडळींपैकी एकजण बोलत असे. दानियल यांची पाळी आली की विषय ठरलेला.

"पहिल्या मंडळीत पहिलं भांडण कशावरनं झालं, ठावं हाय का?" ते विचारत. "वाढण्यावरनं. काही विधवा बायांना रोजच्या वाढपात डावलायलेत, अशी तक्रार आली. मग प्रेषितांनी काय केलं? सात माणसं नेमली. चांगल्या नावाची, आत्म्यानं भरलेली. कशाला नेमली? भाषणाला न्हाई. वाढायला."

"म्हणजे मंडळीत खानसामा सगळ्यात मोठा म्हणा की, दादा!" मागून कुणीतरी म्हणे.

"मोठा न्हाई, जबाबदार. भाषण बिघडलं तर माणूस झोपतो. वाढप बिघडलं तर माणूस उठून जातो, आन् परत येत न्हाई."

करिंथ शहराची गोष्टही ते सांगत. तिथं खाऊनपिऊन सुखी माणसं लवकर येऊन जेवून घेत, राबणारी उशिरा येत आणि उपाशी राहत. म्हणून प्रेषिताने पत्र लिहून कान उपटले, की एकमेकांसाठी थांबा. "करिंथ म्हणजे आपलं पूर्णाच," दानियल म्हणत. "तिथं बंदर, इथं जंक्शन." यावर लोक हसत. पुढे हसेनासे झाले.

पंगतीची रीत साधी होती. ज्याने त्याने घरातून जमेल ते आणायचं: पीठ, डाळ, मिरच्या, सरपण. सगळं एका परातीत आणि एका पातेल्यात जायचं. कुणाचं काय, हे त्यानंतर विचारायचं नाही. सगळ्यांना वाढून झालं की हजर असलेल्यांत वयाने सर्वांत मोठं असेल त्याने आभाराची प्रार्थना करायची. आमेन होईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही.

वयाने सर्वांत मोठ्या होत्या राहेलबाई. गार्ड शमुवेल साळवे यांच्या आई. साळवे मंडळीचे सेक्रेटरी होते. शेडवरचे पत्रे त्यांच्या खटपटीमुळे आले होते. नगर जिल्ह्यातलं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर, इस्त्रीचा पोशाख, बोलणं मोजकं. खिशातलं घड्याळ ते दर दोन तासांनी स्टेशनच्या घड्याळाशी ताडून पाहत. माणूस वाईट नव्हता, हे सुरुवातीलाच नोंदवलेलं बरं.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मंडळीत एक नवं कुटुंब होतं. नदीपलीकडच्या एका खेड्यातला किसन, त्याची बायको, दोन मुली आणि म्हातारी आई गुणाबाई. मातंग समाजातल्या या माणसांना बाप्तिस्मा घेऊन दीडेक वर्ष झालं होतं. त्यांना मंडळीत आणलं ते दानियल यांनी. त्या भेटीची हकिगत मला किसनने सांगितली. दानियल त्यांच्या दारात बसून बोलत होते. किसन ऐकत होता. गुणाबाई सूप पाखडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुमच्यात जेवणं असत्यात म्हणं."

"असत्यात. दर रविवारी."

"आमाला कवा वाढत्याल? आधी का मागून?"

दानियल यांना प्रश्न कळला. गावातल्या लग्नात, तेराव्याला, ज्या पंगतीसाठी यांच्या घरच्या माणसांनी हलगी वाजवली त्याच पंगतीचं उरलेलं त्यांना शेवटी वाड्याबाहेर मिळत आलं होतं.

"आमच्यात मागून वाढत न्हाईत," दानियल म्हणाले.

"बघा बरं का," गुणाबाई म्हणाल्या. "उरलंसुरलं खायला आमी गावातच हाव की. त्याच्यापायी नदी कशाला वलांडायची?"

"मी शब्द देतो, माय."

पहिलं वर्ष हा शब्द पाळणं अवघड गेलं नाही. किसनचं कुटुंब पहाटे निघून उपासनेच्या आधीच येऊन बसे. पंगतीत ते बसत तिथं आजूबाजूला थोडी जागा मोकळी राही. दानियल वाढताना म्हणत, "सरका, सरका, अजून माणसं बसू द्या," आणि ती जागा भरून टाकत.

दुष्काळात शेतातली कामं संपली. किसन, त्याची बायको आणि गुणाबाईसुद्धा पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला लागले. कामाची सुट्टी बाजाराच्या दिवशी. रविवारी हजेरी लागे. मुकादमाच्या हातापाया पडून त्यांनी एवढं मिळवलं होतं, की बारापर्यंतचं काम उरकून निघालं तर चालेल. तिथून पूर्णा दोन तासांची चाल. म्हातारी आणि मुली बरोबर असल्या की त्याहून थोडी जास्त.

म्हणजे पंगत दोन-सव्वादोनला.

इथून पुढचे तीन महिने मंडळीने दर रविवारी वाट पाहिली. मी ते रविवार मोजलेले नाहीत, पण ते लांब होते. विहिरी आटल्या होत्या. रेशनवर मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी मिळत होती, तिच्या भाकरी गार झाल्या की चामड्यासारख्या होत. पगारदार घरांतही पोट भरेल इतकं शिजत नव्हतं, त्यामुळे रविवारचं जेवण ही आता केवळ रीत राहिली नव्हती. लहान मुलांना आणि आजाऱ्यांना आधी खाऊ घालावं, हे दानियल यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाकी सगळे लिंबाच्या सावलीबरोबर सरकत बसून राहत.  दानियल झाकणावर हात ठेवून रस्त्याकडे पाहत आणि लोक दानियल यांच्याकडे पाहत.

"प्रार्थनेला नाहीत, पंगतीला आहेत," एकदा एक फिटर म्हणाला. हळू म्हणाला, पण ऐकू जाईल इतकं.

"उद्यापासून तू ये माती वहायला, आन् ते येतील प्रार्थनेला," दानियल म्हणाले. "हाय कबूल?"

फिटरने मान फिरवली. पुढच्या रविवारी तो आला नाही.

किसनची जात हा विषय एकदाही निघाला नाही. मंडळीतल्या जुन्या घरांच्या आजोबांची जात कोणती, हेही कधी निघत नसे. फरक इतकाच, की किसनची सगळ्यांना ठाऊक होती. बोलणं व्हायचं ते घड्याळाचं. कुणाची शंटिंगची ड्यूटी, कुणाची शिफ्ट, कुणाच्या मुलाची परीक्षा. ही कारणं खोटी नव्हती. तीच कारणं पाळकसाहेबांच्या लांबलेल्या प्रवचनाच्या वेळी कुणी पुढे केली नव्हती, एवढंच.

मग राहेलबाई कोसळल्या.

त्यांना मधुमेह होता. वेळेवर खाल्लं नाही तर घेरी येई. हे साळवे यांना माहीत होतं, दानियल यांना नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं आणि राहेलबाईंनी सांगितलं नव्हतं. आजाऱ्यांचं ताट आधी निघे तेव्हा त्या दर वेळी "मला काय धाड भरलीय" म्हणून मागे सरत. सर्वांत मोठी बाई, आभाराची प्रार्थना करणारी. तीच आधी जेवली तर नियमाला काय अर्थ, असा त्यांचा हिशेब. त्या रविवारी दोनच्या सुमारास त्या बसल्या जागी शेजारणीच्या अंगावर कलंडल्या. दातखीळ बसली होती. रेल्वेच्या दवाखान्यातला डॉक्टर येईपर्यंत दानियल त्यांच्या जिभेला गूळ लावत होते.  अर्ध्या तासाने राहेलबाईंनी डोळे उघडले.

साळवे ड्यूटीवरून संध्याकाळी परतले. ते दानियल यांच्या घरी गेले. मी तिथं होतो.

"तुमच्या पहिल्या मंडळीत," साळवे म्हणाले, "एखादी म्हातारी मेली असती तर प्रेषितांनी काय केलं असतं?"

दानियल उभे होते. "चूक माझी हाय, गार्डसाहेब," ते म्हणाले. "मी रस्त्याकडं बघत बसलो. पंगतीकडं बघितलं न्हाई."

"दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना टाइमटेबल नव्हतं. आपल्याला आहे."

"टाइमटेबल नव्हतं. उपाशी माणसं होती."

"माझी आई उपाशीच होती," साळवे म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या रविवारपासून दानियल उपासनेच्या आधी राहेलबाईंच्या दारात अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण घेऊन उभे राहू लागले. पहिल्या दिवशी दोघांचं भांडण झालं.

"दानियल, तूच नियम घातला आणि तूच मोडायला आला व्हय?"

"नियम मोडा म्हणालो न्हाई. औषध घ्या म्हणालो."

"भाकरीला औषध म्हणतोस?"

"दुष्काळात काय म्हणावं मग, माय?"

राहेलबाई हसल्या आणि जेवल्या. ताटली रिकामी होईपर्यंत दानियल तिथून हलले नाहीत. पण तोवर साळवे यांनी सभेची नोटीस लावली होती.

सभा शेडमध्ये झाली. पाळकसाहेब मुद्दाम परभणीहून आले होते. ते अध्यक्षस्थानी होते आणि आपलं मत त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ठराव साळवे यांनी मांडला: रविवारचं प्रीतिभोजन ठीक साडेबाराला वाढावं, उशिरा येणाऱ्यांसाठी अन्न काढून झाकून ठेवावं.

"कुणाला उपाशी ठेवा असं मी म्हणत नाही," साळवे म्हणाले. "एकेकाचं पान काढून ठेवू. गरम करून देऊ. यात कुणाचा अपमान आहे, ते मला समजावून सांगा."

दानियल उठले. "गार्डसाहेब, तुमच्या घरी पाव्हणा येणार हाय. तुमी सगळे जेवलात आन् त्याला झाकून ठेवलं. ते चालंल. पाव्हणा हाय तो. पण तुमच्या सख्ख्या भावाला दर रविवारी, जाणून, असंच झाकलेलं दिलं, तर तो भाऊ का पाव्हणा?"

"भाऊ असेल तर तो समजून घेईल."

"भाऊच समजून घेतो बगा नेहमी. गरम गरम खाणारा न्हाई घेत."

आवाज वाढले. पाळकसाहेबांनी टेबलावर हात आपटला. तेवढ्यात मागे दाराजवळ बसलेला किसन उभा राहिला. सभेसाठी तो दिवसाचा खाडा करून आला होता.

"आमच्यापायी तुमच्यात तंटा नको, दादा," तो म्हणाला. "आमी घरीच खाऊ. उपासनेला यिऊ, सुगी आली की."

सभेत सर्वांत जास्त चिडलेले दानियल मी त्या क्षणी पाहिले. "खाली बस!" ते ओरडले. "तुला कुणी विचारलं? हा तुझा सवाल न्हाई, आमचा हाय. तू न्हाई आलास तर उपाशी आमी मरू, तू न्हाई."

किसन बसला. हात वर करून मतं झाली. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. दानियल यांना पुढे बोलायचं आहे का, असं पाळकसाहेबांनी विचारलं.  दानियल पातेलं सोडून देतील किंवा मंडळीच सोडतील, अशी बऱ्याच जणांची अटकळ होती. माझीही.

"ठराव मला मान्य हाय," दानियल म्हणाले. "रविवारी साडेबाराला मी वाढीन."

मी इतिवृत्तात तेच लिहिलं. आठवडाभर कॉलनीत दोनच तर्क होते: म्हातारा थकला, किंवा म्हाताऱ्याच्या मनात काहीतरी आहे. शुक्रवारी रनिंग रूमच्या मागच्या पायरीवर ते मिलो निवडत बसले होते तेव्हा मी सरळ विचारलं.

"किसनच्या आईला शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता."

"मग?"

त्यांनी सुपातला एक खडा काढून फेकला. "मंडळी फोडून पंगत राखली तर ती कसली पंगत?" ते म्हणाले. "वाढणं माझ्या हातात हाय. घास त्यांच्या हातात. मला ह्याच्यापुढं दिसत न्हाई. तुमाला दिसत असंल तर सांगा."

 सूप बाजूला ठेवून ते म्हणाले, "ती बाई एकदा माघारी फिरली ना, तर मी तिच्या दारात पुन्हा जाणार न्हाई. तोंडच राहणार न्हाई मला."

त्या रविवारी आदल्यापेक्षा जास्त माणसं आली. फिटरही आला. काय होतं ते पाहायलाच बरेचजण आले असावेत. उपासना संपली, पंगत बसली. साळवे यांनी खिशातून घड्याळ काढलं. बरोबर साडेबाराला दानियल यांनी झाकण काढलं आणि वाढायला सुरुवात केली. मी पाण्याचे तांबे फिरवत होतो. दानियल यांनी कुणाला कमी वाढलं नाही, कुणाकडे रोखून पाहिलं नाही. शेवटी किसनच्या कुटुंबाची पाच ताटं रिकामी मांडली, त्यांच्या नेहमीच्या जागी, आणि ते पाटावर जाऊन बसले. पातेलं उघडंच होतं.

आता राहेलबाईंनी प्रार्थना करायची होती.

त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली. "ती म्हातारी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"यायलेत. वाटंत असतील," दानियल म्हणाले.

"बरं."

त्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. भाकरीवर माश्या बसू लागल्या. एक बाई पदराने वारा घालू लागली. पाच मिनिटं गेली असतील.

"आई, प्रार्थना कर," साळवे म्हणाले.

"करते की. सगळी येऊ दे."

"ठराव झालाय, आई."

"वाढायचा झालाय ना? दानियलनं वाढलं. प्रार्थनेचा ठराव केला असशील तर दाखव."

कुणीतरी हसलं. साळवे यांचा चेहरा लाल झाला. "तुला पुन्हा घेरी आली तर?"

"मी खाऊन आलेय, शमू. सकाळीच. तू लेकराबाळांची काळजी कर. त्यांना आधी देऊन टाका."

मुलांना देण्यात आलं. मोठी माणसं भरल्या ताटांपुढे बसून राहिली. उन्हाचा ताप वाढत होता. एकच्या सुमारास दोन कुटुंबं उठली आणि आपली ताटं घेऊन घरी गेली. मग फिटर उठला. रस्त्यापर्यंत जाऊन उभा राहिला, परत आला आणि बसला. का, ते मला माहीत नाही.

दीड वाजता साळवे यांनी घड्याळ पाहिलं. दोनला त्यांना ड्यूटीवर सही करायची होती. मालगाडी यार्डात उभी होती. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते. एक घास घेतला असता तर बाकीचे जेवायला मोकळे झाले असते. त्यांनी ताटावर दुसरं ताट पालथं घातलं, टोपी घेतली, आईकडे न पाहता म्हणाले, "मला उशीर होतोय," आणि उपाशी निघून गेले. राहेलबाईंचे ओठ हलले. शब्द ऐकू आले नाहीत.

सव्वादोनला रस्त्यावर माणसं दिसली. पुढे किसन, खांद्यावर धाकटी मुलगी. मागे गुणाबाई, केसांत माती. लिंबाजवळ येताच गुणाबाई थबकल्या. भरलेली ताटं, हात न लावता बसलेली माणसं, कुणाच्या तोंडी शब्द नाही. त्यांनी आयुष्यात अशी पंगत एकाच कारणाने पाहिलेली होती.

"कोन गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"कुणी न्हाई गेलं, माय," दानियल म्हणाले. "तुमची वाट बघायलोय."

"समद्यांनी?"

दानियल यांनी पंगतीकडे पाहिलं. उठून गेलेल्यांच्या जागा मोकळ्या होत्या. "हाय तेवढ्यांनी," ते म्हणाले.

त्यांनी पाच ताटं वाढली. मग साळवे यांचं झाकलेलं ताट उचललं. "तुमी सुरू करा," राहेलबाईंना म्हणाले, "मी आलोच."

"आं? तुमी आल्याबिगर न्हाई," गुणाबाई खाली बसत म्हणाल्या. त्यांनी राहेलबाईंकडे पाहिलं. "व्हय ना वो?"

"बसलोय आम्ही," राहेलबाई म्हणाल्या. "जा तू."

मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेलो. मालगाडीच्या शेवटच्या डब्याच्या पायरीवर साळवे उभे होते, बगलेत झेंड्या. दानियल रूळ ओलांडत आले आणि त्यांनी ताट वर धरलं. साळवे यांनी ते लगेच घेतलं नाही.

"आले?"

"आले."

"प्रार्थना झाली?"

"अजून न्हाई. मी गेलो की."

साळवे यांनी ताट घेतलं, डब्यात ठेवलं. वरचं झाकण तसंच राहू दिलं. त्यांनी घड्याळ काढलं.

"किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं धरा."

"दोन एकतीस," साळवे म्हणाले. "छत्तीसला मी उघडतो. त्याच्या आधी नाही."

सिग्नल पडला. इंजिनाची शिटी झाली आणि डबे एकामागून एक ओढले गेल्याचा आवाज शेवटपर्यंत आला. त्यानंतर महिन्याभरात मी पूर्णा सोडली आणि दानियल यांना पुन्हा पाहिलं नाही. ठराव रद्द झाल्याची नोंद माझ्या हातून झालेली नाही. पुढे झाली का, ते मी कधी विचारलं नाही.

 त्या दुपारी गाडी हलताच पंचा खांद्यावरून काढून दानियल यांनी कमरेला गुंडाळला आणि धोतर वर खोचलं. पन्नाशी उलटलेला तो स्थूल माणूस तापलेल्या खडीवरून, रुळांमागून रूळ ओलांडत, लिंबाच्या दिशेने पळत सुटला.